एकच मीटर, दोन प्रोब, एकाच डागावर ५८ पट फरक: खरं रीडिंग कुठलं?

टेबल_क्र_७ (प्रश्न)

प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजणारा, काट्याचा हातातला रेटमीटर आहे. पट्टी ० ते ५०० सीपीएम (दर मिनिटाची मोजणी), गुणक ×१ पासून ×१००० पर्यंत. त्याला दोन प्रोब आलटून-पालटून लागतात: एक पॅनकेक जीएम (चपटी गायगर-म्युलर नळी, अभ्रकाची खिडकी, वर जाळी) आणि दुसरा पातळ सोडियम आयोडाइडचा, २५ मिमी व्यास आणि १ मिमी जाडीचा स्फटिक. कामात कार्बन-१४, फॉस्फरस-३२ आणि आयोडीन-१२५ आहेत.

ट्रेमधल्या कागदावर आयोडीन-१२५ चा एक डाग आहे. दोन्ही प्रोब १ सेंमी वर धरून घेतलेली रीडिंग अशी:

पॅनकेक: डागावर १९०, बॅकग्राउंड ४५ सीपीएम
सोडियम आयोडाइड: डागावर ११,०००, बॅकग्राउंड १६० सीपीएम

पट्टीवर आतल्या बाजूला मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाचीही (डोसच्या दराची) लाल पट्टी छापलेली आहे (३३० सीपीएम = १). तिच्यावर वाचलं तर पॅनकेकने ०.६ येतं आणि दुसऱ्या प्रोबने ३३! दोन्ही प्रोबना हाय व्होल्टेज ९०० व्होल्टच दिलेलं आहे, प्रोब बदलताना त्याला हात लावला जात नाही. बॅटरी टेस्ट ठीक.

आणखी दोन गोष्टी. सोडियम आयोडाइडच्या प्रोबची केबल हलवली की स्रोत जवळ नसतानाही काटा उडी मारतो. आणि फास्टवर (काट्याच्या जलद प्रतिसादावर) पॅनकेकचं नुसतं बॅकग्राउंड २० ते ८० च्या मध्ये नाचत राहतं. मीटर बिघडलाय, की प्रोब, की वाचण्यातच चूक होतेय?

मोजणीदार

सीपीएमचे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मायक्रोसिव्हर्टचे मात्र दोन्ही चूक आहेत.

सीपीएम म्हणजे प्रोबला जेवढं दिसलं तेवढं. डागात प्रत्यक्ष किती आहे हे काढायला प्रोबची त्या आयसोटोपसाठीची कार्यक्षमता लागते. आयोडीन-१२५ मधून निघतात २७ ते ३५ केईव्हीचे (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) एक्स-रे आणि गॅमा. जीएम नळीतल्या पातळ वायूतून ते बहुतेक न अडखळता निघून जातात, म्हणून पॅनकेकची कार्यक्षमता १ टक्क्याच्याही खाली, ०.३ टक्क्यांच्या आसपास राहते. १ मिमी स्फटिक नेमका याच ऊर्जेसाठी बनवलेला असतो, त्याची १९ टक्क्यांच्या आसपास. आता बॅकग्राउंड वजा करून भागा:

पॅनकेक: १४५ ÷ ०.००३ ≈ ४८,३०० विघटनं प्रति मिनिट, म्हणजे सुमारे ८०५ बेकरेल (विघटनं प्रति सेकंद)
सोडियम आयोडाइड: १०,८४० ÷ ०.१९ ≈ ५७,००० प्रति मिनिट, म्हणजे सुमारे ९५० बेकरेल

५८ पटींचा फरक १८ टक्क्यांवर आला. उरलेल्या फरकाचं फार मनावर घेऊ नका. ०.३ हा आकडाच कच्चा आहे, तो ०.२५ धरला तर दोन्ही उत्तरं एकमेकांना चिकटतात. माझे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरचे घ्या. घेताना कार्यक्षमता ४π ची आहे की २π ची ते बघा. पृष्ठभागातून वर येणाऱ्या कणांवर काढलेली २π कार्यक्षमता साधारण दुप्पट दिसते. ती एकूण विघटनांची समजून भागलंत तर उत्तर निम्मं येईल.

लाल पट्टीचं म्हणाल तर ३३० सीपीएमला १ मायक्रोसिव्हर्ट हे नातं पॅनकेक आणि सिझियम-१३७ (६६२ केईव्ही) या जोडीपुरतं आहे. त्याच पॅनकेकवर ६०-१०० केईव्हीचे फोटॉन पडले तर तो डोस कित्येक पट फुगवून सांगतो. बीटा पडले तर आकड्याचा डोसशी संबंधच उरत नाही. आणि सोडियम आयोडाइडचा प्रोब लावून ती पट्टी वाचणं म्हणजे तराजू एकाचा आणि वजनं दुसऱ्याची. पट्टीवर कागदाची चिकटपट्टी लावून ती झाकून टाका, असं मी सरळ सांगेन.

तुम्ही न विचारलेला, पण खरा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: पॅनकेकने "काही नाही" सांगितलं, तर खरंच काही नाही का? एक मिनिट मोजणीसाठी ओळखता येणारी किमान जादा मोजणी ३ + ४.६५√बॅकग्राउंड धरतात. ४५ बॅकग्राउंडला ती ३४ येते. खिडकीचं क्षेत्रफळ १५ चौ. सेंमी. यावरून:

कार्बन-१४ (कार्यक्षमता ५ टक्के): सुमारे ०.८ बेकरेल प्रति चौ. सेंमी
फॉस्फरस-३२ (३२ टक्के): सुमारे ०.१
आयोडीन-१२५ (०.३ टक्के): सुमारे १३

तेच आयोडीन पातळ स्फटिकाने, बॅकग्राउंड १६० आणि क्षेत्रफळ ५ चौ. सेंमी धरून, १.१ पर्यंत दिसतं. किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पार्सलच्या बाहेरील पुसून निघणाऱ्या बीटा-गॅमा दूषितीची मर्यादा ४ आहे. म्हणजे पॅनकेक फिरवून आयोडीनच्या टेबलाला "स्वच्छ" म्हटलं तर मर्यादेच्या तिप्पट दूषण काट्याखालून गुपचूप निघून गेलेलं असू शकतं. नोंदवहीत "५० सीपीएम, ठीक" एवढंच लिहिलेलं असेल तर ती नोंद वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. प्रोब, आयसोटोप आणि अंतर शेजारी लिहा.

उच्चदाब

दोन्ही प्रोबना तोच ९०० व्होल्ट, हे मला खटकलं. वर ज्या १९ टक्क्यांनी भागलंय तो आकडा प्रोब आपल्या व्होल्टेजवर असेल तरच खरा.

जीएम नळीला पठार असतं. चेक सोर्स (तपासणीसाठी ठेवलेला छोटा स्रोत) एका जागी पक्का ठेवा, मोजणी सुरू होते तिथून २५-२५ व्होल्टने वर चढा आणि प्रत्येक पायरीला एक मिनिट मोजा. आधी मोजणी झपाट्याने वाढते, मग जवळजवळ सपाट होते. १०० व्होल्टला १० टक्क्यांपेक्षा कमी चढ असेल तर पठार चांगलं. गुडघ्याच्या (सपाटी सुरू होते त्या जागेच्या) साधारण ५० व्होल्ट पुढे थांबायचं. सपाटी संपून मोजणी पुन्हा उसळायला लागली की तिथल्या तिथे खाली या, कारण पुढे नळीत सतत डिस्चार्ज सुरू होतो आणि नळी मरते. बहुतेक पॅनकेक ९०० ला बसतात, त्यामुळे तुमचा पॅनकेक बहुधा जागेवर आहे.

सिंटिलेशन प्रोबची, म्हणजे तुमच्या सोडियम आयोडाइडची, गोष्ट वेगळी. फोटोमल्टिप्लायरचं (स्फटिकातली चमक विजेच्या स्पंदनात बदलणाऱ्या नळीचं) व्होल्टेज वाढवलं की प्रत्येक स्पंदन मोठं होतं, आणि मीटरच्या थ्रेशोल्डच्या (उंबरठ्याच्या) वर किती स्पंदनं येतात ते त्यावर ठरतं. आयोडीन-१२५ ची स्पंदनं मुळातच चिमुकली. व्होल्टेज कमी पडलं तर ती उंबरठ्याखालीच राहतात, जास्त झालं तर नळीचा स्वतःचा गोंगाट मोजला जातो. प्रत्येक पायरीला स्रोतासह आणि स्रोताशिवाय मोजा, निव्वळ मोजणीच्या वर्गाला बॅकग्राउंडने भागा. तो भागाकार जिथे सर्वात मोठा येतो ते तुमचं व्होल्टेज. ते ९०० च निघालं तर उत्तम, पण तो योगायोग समजा.

व्होल्टेज तपासायला साधा मल्टिमीटर लावू नका. त्याचा रोध १० मेगाओहम. ९०० व्होल्टला तो ९० मायक्रोॲम्पिअर ओढतो, आणि या मीटरमधला पुरवठा एवढा भार घेऊ शकत नाही. आकडा खूप कमी दिसतो, माणूस स्क्रू फिरवत बसतो आणि जोडलेल्या नळीचा बळी जातो. १००० मेगाओहमचा हाय व्होल्टेज प्रोब हवा.

प्रोब बदलताना मीटर बंद, एक मिनिट थांबायचं, मगच कनेक्टर काढायचा. चालू मीटरचा कनेक्टर काढला तर बोटाला झटका बसतो. तो जीवघेणा नसतो, पण दचकून हातातला प्रोब खाली पडतो आणि स्फटिक तडकतो. नुकसान तिथे होतं. प्रत्येक बदलीला आतला स्क्रू फिरवावा लागत असेल तर दोन मीटर ठेवा, किंवा प्रत्येक प्रोबची सेटिंग साठवणारा डिजिटल मीटर घ्या. कॅलिब्रेशन मीटर, केबल आणि प्रोब या तिघांचं मिळून असतं, सुट्या मीटरचं नाही.

केबलच्या उड्या: प्रोब काढा, केबल मीटरला तशीच ठेवा, मीटर चालू करून ती हलवा. मोकळं टोक हवेत राहू द्या, त्याला हात लावू नका. टकटक आली तर दोष केबलचा किंवा मीटरकडच्या कनेक्टरचा. नाही आली तर प्रोबकडचा. बहुतेक वेळा कनेक्टरपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, जिथे केबल रोज वाकते, तिथे आतली तार किंवा जाळी तुटलेली असते. कधी नुसता ओलावा आणि बोटांचं तेल: पांढऱ्या इन्सुलेशनवरून विद्युतगळती होते आणि त्याची स्पंदनं बनतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण सुकू द्या. नवी केबल तेवढ्याच लांबीची घ्या. लांब केबलची धारिता जास्त, तेवढ्याने स्पंदन खुजं होतं आणि सिंटिलेशनची मोजणी घटते. जीएमचं स्पंदन धटिंगण असतं, त्याला एवढा फरक पडत नाही.

केबल निर्दोष निघाली तर बॅटरीचा प्रखर दिवा प्रोबच्या खिडकीवर आणि सांध्यांवर फिरवा. मोजणी वाढली तर प्रकाश आत शिरतोय. खिडकी बेरिलियमची असेल आणि फुटली असेल तर तुकड्यांना उघडा हात लावू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना विषारी असते.

सावकाश_सरका

काटा नाचतो त्यात बिघाड नाही, गणित आहे. फास्टवर काटा ९० टक्के जागेवर यायला साधारण ४ सेकंद घेतो, स्लोवर २२. यावरून वेळस्थिरांक (काट्याच्या मंदपणाचं माप) येतात १.७ आणि ९.६ सेकंद. ४५-५० सीपीएमला फास्टवर काट्याचं प्रमाणित विचलन सुमारे २८, स्लोवर १२. तुमचं २० ते ८० हे अगदी अपेक्षित आहे. उलट फास्टवर काटा ४५ ला खिळून राहिला असता तर मी मीटर दुरुस्तीला पाठवायला सांगितलं असतं.

म्हणून शोधताना फास्ट, मोजताना स्लो. पॅनकेकची खिडकी साडेचार सेंटिमीटरची. सेकंदाला ५ सेंमी वेगाने सरकलात तर ठिपक्यावर ती जेमतेम ०.९ सेकंद असते. तेवढ्यात फास्टवरचा काटा खऱ्या आकड्याच्या ४० टक्क्यांपर्यंत चढतो, स्लोवरचा ९ टक्क्यांपर्यंत. स्लोवर ठेवून टेबल झाडल्यासारखा प्रोब फिरवणाऱ्याला डाग सापडणार नाही. आवाज चालू ठेवा. कानाला वेळस्थिरांक नसतो, टकटक दाट झाली की काटा हलायच्या आत कळतं. मग थोडं मागे या, थांबा, स्लो करा, वीस-पंचवीस सेकंद द्या आणि वाचा.

वेग सेकंदाला २ ते ५ सेंमी, अंतर १ सेंमी. अल्फा शोधायचे असतील तर अर्धा सेंमी, कारण हवेत अल्फाची धाव जेमतेम ४ सेंमी आणि वाटेत खिडकीही आहे. प्रोब टेबलाला टेकवू नका. दूषित झाला तर पुढची सगळी रीडिंग त्याचीच येतील. मी प्रोबला पातळ पॉलिथिनची पिशवी चढवायला सांगतो, मळली की फेकता येते.

सुरुवातीला रोज: बॅटरी टेस्ट, केबल-खिडकीवर नजर, स्वच्छ जागेत बॅकग्राउंड, मग चेक सोर्स ठरलेल्या बाजूने ठरलेल्या जागी. कॅलिब्रेशनच्या वेळी नोंदवलेल्या आकड्याच्या ±२० टक्क्यांबाहेर गेला तर मीटर वापरातून बाजूला. चेक सोर्स सिझियम-१३७ चा असेल तर तो स्वतःच वर्षाला सुमारे २.३ टक्के उतरतो. दहा वर्षांपूर्वीचा आकडा अजून तसाच चिकटवलेला असेल तर सोर्स आज मूळच्या ७९ टक्क्यांवर आहे आणि चांगला मीटर नापास होईल.

टेबल_क्र_७

प्रोब काढून केबल हलवली, टकटक चालूच आहे, म्हणजे केबलच. बदलतो. दोन पुढचे प्रश्न: शेजारच्या खोलीत ट्रिटियम वापरतात, तिथे यातला कुठला प्रोब चालेल? आणि फॉस्फरस-३२ च्या मूळ कुपीचं झाकण उघडं असताना पॅनकेक जवळ नेला की काटा वर जाऊन परत शून्याकडे घसरतो, हे कशामुळे?

उच्चदाब

ट्रिटियमला कुठलाच नाही. त्याचा बीटा जास्तीत जास्त १८.६ केईव्ही, तो अभ्रकाची खिडकीही ओलांडत नाही. गाळणकागदाने १०० चौ. सेंमी पुसा आणि तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये (नमुना चमकणाऱ्या द्रवात बुडवून मोजणाऱ्या यंत्रात) मोजा. त्या खोलीच्या दारात पॅनकेक लटकवलेला असेल तर काढा, खोटी खात्री देतो.

काटा घसरणं धोक्याचं आहे. जीएम नळी प्रत्येक स्पंदनानंतर काही काळ आंधळी होते, पॅनकेकमध्ये सुमारे ८० मायक्रोसेकंद. खरा दर = मोजलेला ÷ (१ − मोजलेला × ०.००००८), दर सेकंदाला धरून. मीटर १,२०,००० सीपीएम दाखवत असेल तर खरे सुमारे १,४३,०००. ३,००,००० दाखवत असेल तर ५,००,०००. त्याच्या बऱ्याच पुढे गेलात की नळीला सावरायला फुरसतच मिळत नाही. स्पंदनं उंबरठ्याइतकी वाढतच नाहीत, टकटक थांबते आणि काटा खाली येतो. म्हणजे सर्वात तीव्र जागी मीटर "शून्य" सांगतो. तीव्रता माहीत नसेल तेव्हा मीटर दुरूनच चालू करा, सर्वात मोठ्या गुणकावर ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून जवळ या. वाढता वाढता पडला तर मागे फिरा.

कुपीपाशी डोसचा दर हवा असेल तर आयन कक्ष (हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणारा मीटर) घ्या. त्याचा ऊर्जेला प्रतिसाद सपाट असतो आणि तो असा गुदमरत नाही. कक्षाचं सरकतं झाकण उघडून आणि मिटून दोन रीडिंग घ्या, फरक बीटाचा. पण कक्ष कुपीपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे अगदी चिकटून धरला तर सगळ्या आकारमानाची सरासरी लागते आणि आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. कक्ष हवेला उघडा असेल तर हवेच्या दाबाची दुरुस्तीही हवी: समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर, दाब ८४.५ किलोपास्कल असताना, रीडिंगला १.२ ने गुणावं लागतं. आतली सिलिका जेल निळी आहे ना ते बघा. गुलाबी झाली असेल तर काटा शून्यावर स्थिर बसणार नाही.

मोजणीदार

दोन दुरुस्त्या. पहिली माझीच. वरचे किमान आकडे पूर्ण एक मिनिट मोजणाऱ्या स्केलरसाठी आहेत, आणि तुमच्याकडे नुसता रेटमीटर आहे. स्लोवरचं रीडिंग साधारण १९ सेकंदांच्या मोजणीइतकंच पक्कं असतं. त्याने पॅनकेकची मर्यादा ३४ वरून ६५ सीपीएमवर जाते आणि बेकरेलचे तिन्ही आकडे जवळपास दुप्पट होतात. आयोडीनसाठी १३ च्या जागी २५ धरा. पातळ स्फटिकाचे १.१ चे २ होतात, तरी तो ४ च्या आत राहतो.

दुसरी, सावकाश_सरका यांच्या पिशवीबद्दल. २५ मायक्रॉनचं पॉलिथिन प्रति चौ. सेंमी सुमारे २.३ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे अभ्रकाच्या खिडकीपेक्षाही जाड. फॉस्फरस-३२ ला आणि आयोडीनला त्याची जाणीवही होत नाही, पण कार्बन-१४ ची मोजणी निम्म्याच्या आसपास येते आणि अल्फा फारच थोडे उरतात. कार्बनसाठी उघडा प्रोब वापरा, किंवा पिशवी चढवलेल्या स्थितीतच कार्यक्षमता काढून घ्या.

सावकाश_सरका

मान्य. फॉस्फरससाठीच चढवतो, ते लिहायचं राहिलं. उघडा वापरणार असाल तर जाळी काढून अभ्रक पुसायला जाऊ नका. चिमट्याचं टोक लागलं तरी खिडकी फुटते, हवा आत शिरते आणि नळी कायमची जाते. जाळीवर डाग बसला असेल तर जाळीच बदला.

टेबल_क्र_७

केबल बदलली, उड्या बंद. त्यानंतर सोडियम आयोडाइडचं व्होल्टेज आयोडीनच्या स्रोताने पायरी-पायरीने तपासलं: वर्ग भागिले बॅकग्राउंड ९०० ला नाही, ९७५ ला सर्वात मोठं येतंय. आता १९ टक्के वापरायचे की नव्याने काढायचे?

उच्चदाब

नव्याने. नवी केबल, नवं व्होल्टेज, म्हणजे जुनं प्रमाणपत्र या प्रोबपुरतं संपलं. ज्ञात बेकरेलचा आयोडीन-१२९ चा स्रोत मिळाला तर तो घ्या. त्याचे फोटॉन ३० ते ४० केईव्हीचे, जवळपास तसेच, आणि अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त. फक्त प्रत्येक विघटनाला निघणाऱ्या फोटॉनांची संख्या आयोडीन-१२५ पेक्षा कमी असते, ती दुरुस्ती करा. आयोडीन-१२५ चाच वापरला तर अर्धायुष्य ५९.४ दिवस, स्रोतावरच्या तारखेपासून हिशोब करायला विसरू नका. आणि ९७५ वर पॅनकेक जोडण्याआधी व्होल्टेज ९०० ला परत आणा.

टेबल_क्र_७

मीटरच्या मुठीवर चिठ्ठी लावली: "पॅनकेक ९००, स्फटिक ९७५. आधी स्क्रू, मग प्रोब."

उच्चदाब

पॅनकेक जोडताना "आधी स्क्रू" बरोबर. पण मीटर चालू करून, प्रोब न जोडता व्होल्टेज उतरवायचं, मग बंद करून एक मिनिट थांबायचं, मग प्रोब. चिठ्ठीवर "बंद" हा शब्दही येऊ द्या.